नॉरलँडचे घर मुलींना का मिळाले नाही?

१९९५ साली आलेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या चित्रपटाच्या सुरुवातीला एक छोटासा प्रसंग आहे. वडील नुकतेच वारले आहेत, सावत्र भाऊ बायकोला घेऊन नॉरलँडच्या घराचा ताबा घ्यायला निघाला आहे आणि सगळ्यांत धाकटी मार्गारेट रुसून झाडावरच्या आपल्या लाकडी खोपटात जाऊन बसली आहे. त्यांचे लंडनमध्ये घर आहे, मग ते इथे राहायला कशाला येत आहेत, असे ती वरूनच विचारते. खाली उभी असलेली थोरली बहीण एलिनॉर तिला सांगते, की घरे वडिलांकडून मुलाकडे जातात, मुलीकडे जात नाहीत. कायदाच तसा आहे.

हे उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. एका लहान मुलीची समजूत काढण्यापुरते ते ठीक आहे. अडचण अशी, की प्रेक्षक म्हणून आपणही पुढचे दोन तास तेच उत्तर मनात धरून बसतो, आणि शेवटाकडे एका श्रीमंत घरातल्या थोरल्या मुलाला बाजूला सारून सगळी इस्टेट त्याच्या धाकट्या भावाला दिली जाते तेव्हा गोंधळून जातो. घर थोरल्या मुलाकडेच जावे असा कायदा असेल, तर हे घडले कसे? हा धागा धरून मागे गेले, तर या कथेत कोण कोणाशी लग्न करतो, कोण ऐन वेळी पाठ फिरवतो आणि का, यातले बरेच काही उलगडते.

चित्रपट जेन ऑस्टिन यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. ही कादंबरी १८११ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढाच उल्लेख होता. पटकथा एमा थॉम्प्सन यांनी लिहिली आणि एलिनॉरची भूमिकाही त्यांनीच केली. मधली बहीण मॅरियन म्हणजे केट विन्स्लेट. दिग्दर्शन तैवानच्या आंग ली यांचे, ज्यांचे आधीचे चित्रपट आईबाप आणि मुले यांच्यातल्या न बोललेल्या गोष्टींचे होते. थॉम्प्सन यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले, आणि त्या कामातले मोठे कसब असे, की कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातला वारशाचा किचकट हिशेब त्यांनी काही मिनिटांत बसवला. तो बसवताना काय कापले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

मराठी वाचकाने इथे आधी एक ओळखीचा शब्द बाजूला ठेवायला हवा, तो म्हणजे ‘वडिलोपार्जित’. आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच मानला जात आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तोच हक्क, तोवर लग्न न झालेल्या मुलींनाही दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. प्रत्यक्षात बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या कशा घेतल्या जातात, तो विषय निराळा. इंग्लंडमध्ये मात्र जन्माने मिळणारा असा हक्क मुलालाही नव्हता आणि मुलीलाही नव्हता. जमीन ज्याच्या नावावर, त्याची ती. १५४० च्या कायद्यापासून जमिनीचे मृत्युपत्र करण्याची मुभा मिळाली होती आणि पुढे ती वाढत गेली, त्यामुळे ऑस्टिन यांच्या काळातला जमीनदार आपली जमीन कोणाच्याही नावे करू शकत होता. कोणी मृत्युपत्र न करताच मेला, तरच कायदा पुढे येई आणि सगळी जमीन एकट्या थोरल्या मुलाला देई. मुलगे नसतील तर ती मुलींमध्ये सारखी वाटली जाई. रोख रक्कम आणि जंगम मालमत्तेला हा नियम नव्हता, ती विधवेत आणि सर्व मुलांत वाटली जाई. थोरल्या मुलाचा हा नियम इंग्लंडने १९२५ च्या कायद्याने मोडीत काढला. म्हणजे एलिनॉर ज्या कायद्याचे नाव घेते तो होता खरा, पण मृत्युपत्र नसेल तेव्हाचा. बड्या घराण्यांतले लोक आपली इस्टेट अशी कायद्याच्या भरवशावर सोडून देत नसत.

त्यांना धास्ती असे ती वारसाची. एखादा उधळ्या नातू निपजला आणि त्याने जुगारात गावेच्या गावे घालवली तर काय, या भीतीपोटी वकिलांनी एक पक्का दस्त घडवला होता. त्यात जमीन कोणालाही पूर्णपणे दिली जात नसे. आजच्या धन्याला ती तहहयात, त्याच्यानंतर त्याच्या थोरल्या मुलाकडे, त्याच्यानंतर त्याच्या मुलाकडे, असे आधीच लिहून ठेवलेले असे. तहहयात धनी घरात राही, खंड वसूल करी, मोठा जमीनदार म्हणून मिरवी, पण त्याला ती जमीन विकता येत नसे आणि मनाप्रमाणे वाटूनही देता येत नसे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, की बापलेक मिळून जुना दस्त मोडू शकत. मात्र नेमक्या त्याच वयात मुलाला हातखर्चाची निकड असल्याने बाप त्याला सालाना रक्कम बांधून देई आणि दोघे मिळून आणखी एका पिढीसाठी नवा दस्त करीत. चांगला वकील असेल, तर याच दस्तात विधवेला वर्षाला किती मिळावे आणि प्रत्येक मुलीला लग्नासाठी किती रक्कम द्यावी, हेही लिहून ठेवी. मुलींना घर न मिळणे त्या समाजात नवलाचे नव्हते. घराच्या उत्पन्नातून त्यांची काहीच तरतूद नसणे, हा मात्र कोणाचा तरी निष्काळजीपणा होता किंवा कोणाची तरी मर्जी होती.

नॉरलँडच्या बाबतीत ती मर्जी होती, आणि ती एका म्हाताऱ्याची होती. हा म्हातारा चित्रपटात नाही. कादंबरीत नॉरलँड ही ससेक्समधली इस्टेट मुळात त्याची. तो अविवाहित होता. घर सांभाळणारी बहीण वारल्यावर त्याने पुतण्या हेन्री डॅशवुड याला बायकोमुलींसह राहायला बोलावले, आणि या कुटुंबाने त्याची दहा वर्षे मनापासून सेवा केली. मृत्युपत्र उघडले तेव्हा कळले, की नॉरलँड पुतण्याला दिले आहे, पण केवळ तहहयात. त्याच्यानंतर ते त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाकडे, म्हणजे जॉनकडे, आणि जॉननंतर जॉनच्या मुलाकडे जाईल. जॉनचा हा मुलगा होता चार वर्षांचा. आईवडिलांबरोबर अधूनमधून नॉरलँडला यायचा, बोबडे बोलायचा, हट्ट करायचा, भरपूर दंगा घालायचा. त्या लीलांपुढे मुलींची वर्षानुवर्षांची सेवा फिकी पडली. त्यांना आठवण म्हणून प्रत्येकी हजार पौंड मिळाले. दस्त इतका पक्का होता, की बायकोमुलींच्या सोयीसाठी हेन्रीला इस्टेटीवर कसला बोजा चढवता येत नव्हता आणि नॉरलँडच्या रानातली मौल्यवान झाडेही विकता येत नव्हती. काटकसरीने राहून उत्पन्नातून शिल्लक टाकू, असा त्याने विचार केला होता, पण काकांनंतर वर्षभरातच तो गेला. पुढे घर हाती आल्यावर जॉनने काय केले, तर बायकोच्या काचघरासाठी अक्रोडाची जुनी झाडे पाडली.

म्हणजे मूळ कादंबरीत मुलींचे घर कायद्याने जात नाही. एका माणसाच्या लहरीने ते जाते, आणि कायदा त्या लहरीवर शिक्का मारतो. चित्रपटात मृत्युशय्येवरचा बाप जॉनला एका वाक्यात हे सांगतो, की नॉरलँड मला अशा रीतीने मिळाले आहे, की माझ्या दोन्ही कुटुंबांत ते वाटता येत नाही. वाक्य नेमके आहे, पण इतक्या झरकन निघून जाते, की लक्षात राहते ते एलिनॉरचेच उत्तर. पडद्यासाठी ही निवड योग्य होती, असे मला वाटते. पहिल्या दहा मिनिटांत कोणत्याही प्रेक्षकाला काकांचे मृत्युपत्र ऐकवता येणार नाही. तरी त्यात काही हरवले. कायदा म्हटला की तो पावसासारखा वाटतो, सगळ्यांवर सारखाच पडतो आणि त्याला कोणी बोल लावत नाही. कादंबरी मात्र पहिल्या पानांपासून ज्यांच्यावर बोट ठेवते ती हाडामांसाची माणसे आहेत.

आता पैशांचे. मुलींचे तीन हजार आणि हेन्रीच्या स्वतःच्या हातातले सात हजार मिळून मायलेकींजवळ दहा हजार पौंड उरले. त्या काळी माणसाची ऐपत सांगताना गाठीला किती आहेत यापेक्षा वर्षाला किती येतात हे सांगत, आणि मुद्दलावर साधारण पाच टक्के व्याज धरत. म्हणून दहा हजार पौंड म्हणजे वर्षाला पाचशे. याउलट नॉरलँडमुळे जॉनच्या उत्पन्नात वर्षाला चार हजारांची भर पडली, आणि आईकडचा पैसा त्याच्याकडे आधीच होता. बाप मरताना त्याच्याकडून वचन घेतो, की या चौघींना मदत करशील. तीन हजार पौंड द्यायचे असे जॉन मनाशी ठरवतो आणि मग त्याची बायको फॅनी घासाघीस सुरू करते. तीन हजारांचे दीड हजार होतात, त्यांचे वर्षाला शंभर पौंडांचे वर्षासन होते. पण वर्षासन मिळायला लागले की माणसे मरतच नाहीत, असे फॅनीचे म्हणणे असते, म्हणून अधूनमधून पन्नास पौंडांची भेट ठरते, आणि शेवटी सामान हलवायला मदत आणि हंगामात मासे नि शिकार पाठवणे एवढ्यावर बोळवण होते. कादंबरीत हे सारे नवराबायकोच्या एका संभाषणात घडते. चित्रपटाने तीच घसरण नॉरलँडकडे येणाऱ्या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी दाखवली आहे, त्यामुळे गाडी जसजशी घराजवळ येते तसतसा आकडा खाली येतो. बापाला दिलेल्या वचनाच्या तोंडाला पाने कशी पुसावीत, याचा एवढा नमुनेदार धडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या मुलींनी स्वतः का कमावले नाही, असे आज सहज विचारले जाते. त्यांच्या थरातल्या स्त्रीला शिक्षिका म्हणून परक्या घरी राहण्यापलीकडे वाट नव्हती, आणि ती वाट म्हणजे त्या थरातून खाली उतरणे होते. चित्रपटात घोड्यावरून फिरताना एडवर्ड फेरर्स, म्हणजे फॅनीचा भाऊ आणि एलिनॉरचा जीव जडलेला तरुण, तिला म्हणतो, की रिकामपणाच्या बाबतीत आपली दोघांची स्थिती सारखीच आहे. ती शांतपणे फरक सांगते, की तुम्हाला तुमचा पैसा वारशाने मिळेल, आम्हाला तर तो कमावताही येत नाही. हे वाक्य ऑस्टिन यांचे नाही, थॉम्प्सन यांचे आहे, आणि कापलेल्या हिशेबाची बरीचशी भरपाई ते एकटे करते.

उरले लग्न. लग्न होताच स्त्रीची रोख रक्कम नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्न त्याच्या हाती जाई. आधीच विश्वस्त नेमून वेगळा दस्त केला असेल तरच काही वाचे. विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पूर्ण अधिकार इंग्लंडने १८८२ मध्ये दिला. विधवेला मात्र हे बंधन नव्हते, आणि ऑस्टिन यांनी त्याचा धूर्त उपयोग केला आहे. या कथेत तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांत वयस्क बायकाच अधिक आहेत. एडवर्डची आई मिसेस फेरर्स त्यांतली सर्वांत जबर.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. एडवर्डचे वडील फार श्रीमंत होते, पण त्यांनी थोरल्या मुलासाठी पक्का दस्त केला नव्हता. किरकोळ रक्कम सोडली तर सगळे आईच्या मर्जीवर ठेवले होते. ल्युसी स्टील या गरीब मुलीशी एडवर्डने अगदी तरुण वयात गुपचूप लग्न ठरवले होते. ते उघडकीस आल्यावर आई त्याला ते मोडायला सांगते आणि तो नकार देतो. ल्युसीवरचे प्रेम केव्हाच आटलेले आहे, पण दिलेला शब्द आहे. संतापलेली आई नॉरफोकमधली वर्षाला हजार पौंडांची इस्टेट धाकट्या रॉबर्टच्या नावे करते, आणि तीही परत घेता येणार नाही अशा रीतीने. मग ल्युसी काय करते? ती रॉबर्टशी लग्न करते. आई पुन्हा चिडते, पण आता दस्त फिरवता येत नाही. एडवर्ड मोकळा होतो, आणि ल्युसी ‘मिसेस फेरर्स’ झाली ती एडवर्डची नव्हे, रॉबर्टची बायको होऊन, हे कळल्यावर इतका वेळ सगळे गिळून बसलेली एलिनॉर सर्वांदेखत हुंदके देऊन रडते. घर थोरल्या मुलाकडेच जावे असा खरोखरच कायदा असता, तर ल्युसीने एडवर्डला कधीच सोडले नसते. ज्या मर्जीने एलिनॉरचे घर गेले, तशाच एका मर्जीने तिला नवरा मिळवून दिला.

मॅरियन ज्याच्या प्रेमात पडते त्या विलोबीचीही गत याच सूत्राची आहे. मॅरियनवर त्याचा जीव आहे हे खरे, पण तो एका वृद्ध नातलग बाईच्या वारशावर डोळा ठेवून कर्जात जगतो. त्याने एका मुलीला फसवल्याचे त्या बाईला कळते, ती त्याला हाकलते, आणि तो पन्नास हजार पौंडांच्या मिस ग्रेशी लग्न करतो. मॅरियन शेवटी ज्यांच्याशी लग्न करते ते कर्नल ब्रँडन हे मूळचे धाकटे मुलगे, म्हणून पलटणीबरोबर ‘ईस्ट इंडीज’ला, म्हणजे आपल्याकडे, गेलेले, कादंबरीत विलोबी त्यांच्या नबाब, मोहरा आणि पालख्यांच्या गोष्टींची टर उडवतो, आणि चित्रपटात मार्गारेटने तिकडे कसे असते असे विचारल्यावर ते हलकेच सांगतात, की हवेत मसाल्यांचा दरवळ असतो. थोरला भाऊ वारल्यावरच त्यांना डेलाफर्डची इस्टेट मिळाली. ती एके काळी कर्जात बुडालेली होती. ब्रँडन यांचे जिच्यावर प्रेम होते त्या एलायझाजवळ मोठी रक्कम होती, आणि म्हणूनच तिचे लग्न तिच्या मनाविरुद्ध थोरल्या भावाशी लावले गेले. पुढे घटस्फोट झाला, तिच्या पैशांच्या मानाने तिला मिळालेली पोटगी तुटपुंजी होती, आणि ती हलाखीत मेली. मॅरियन ज्या सुखवस्तू घरात शेवटी नांदायला जाते, ते सावरले गेले असेल तर या एलायझाच्या पैशाने, ही गोष्ट चित्रपटापेक्षा कादंबरी वाचतानाच अंगावर येते.

मॅरियनची आणखी एक गंमत पटकथेच्या धावपळीत दबून जाते. संसाराला पैसा किती लागतो यावर दोघी बहिणींचा वाद होतो. पैशाला तुच्छ मानणारी मॅरियन म्हणते, मला काही श्रीमंती नको, वर्षाला दोनेक हजार असले म्हणजे झाले; एलिनॉर हसून म्हणते, माझी श्रीमंती तर एक हजारावरच संपते. ब्रँडन यांचे उत्पन्न वर्षाला बरोबर दोन हजार आहे. एडवर्डला ब्रँडन आपल्या गावच्या चर्चची धर्मोपदेशकाची जागा देतात. अशा जागेबरोबर घर मिळे, शेतकऱ्यांकडून पिकाचा दहावा हिस्सा मिळे, आणि ती कोणाला द्यायची हा हक्क जमीनदाराचा असे. तिचे वर्षाचे उत्पन्न साधारण दोनशे. एडवर्डचे दोन हजार आणि एलिनॉरचे एक हजार यांवर पाच टक्क्यांनी दीडशे. एकूण साडेतीनशे; आणि एवढ्यात सुखाने भागेल असे वाटण्याइतकी ती दोघे प्रेमात आंधळी झालेली नव्हती, असे ऑस्टिन कोरडेपणाने नोंदवतात.

हा हिशेब ऑस्टिन यांनी घरातच शिकलेला होता. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. ते १८०५ मध्ये वारले तेव्हा त्यांचे उत्पन्नही त्यांच्याबरोबर संपले, आणि आई व दोघी बहिणी भावांनी बांधून दिलेल्या रकमांवर अवलंबून राहिल्या. एक भाऊ श्रीमंत नातलगांकडे दत्तक गेला होता आणि त्याला मोठ्या इस्टेटी मिळाल्या होत्या. त्याने १८०९ मध्ये चॉटन इथले एक घर त्यांना राहायला दिले. त्या घरातूनच ही कादंबरी छापायला गेली, लेखिकेने नुकसानीची जबाबदारी स्वतःवर घेऊन, आणि पहिल्या आवृत्तीने तिला १४० पौंड मिळवून दिले.

२००० साली राजीव मेनन यांनी हीच कथा ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ या नावाने तमिळमध्ये आणली, तब्बू आणि ऐश्वर्या राय या बहिणींच्या भूमिकांत. तिथे घर जाते ते आजोबांच्या मृत्युपत्रामुळे. भारतीय प्रेक्षकाला ते समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

आंग ली यांच्या चित्रपटाची शेवटची चौकट मॅरियन आणि ब्रँडन यांच्या लग्नाची आहे. चर्चमधून वरात बाहेर पडते, गावची पोरे भोवती जमतात, आणि लाल लष्करी पोशाखातले ब्रँडन रिवाजाप्रमाणे मूठभर नाणी हवेत उधळतात. दूर टेकडीवर घोड्यावर बसलेला विलोबी ते पाहतो आणि घोडा वळवून निघून जातो. नाणी उन्हात चमकत खाली येत असतात आणि पोरे ती वेचायला धावतात.